आरोग्यातल्या विषमतेची बातमी कशी वाचायची, आणि आपण लिहायची वेळ आली तर कशी लिहायची

एप्रिल २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातायत ही बातमी देशभर पोचली. गावात, उसाच्या फडावर, तालुक्याच्या दवाखान्यांत हे आधीपासून माहीत होतं, तिशीच्या आतबाहेरची बाई "माझी पिशवी काढलीय" असं सांगायची आणि ऐकणारीला त्यात नवल वाटायचं नाही. पण बातमी झाली तेव्हा कुठे यंत्रणा हलली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली, जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि बीडमध्ये खाजगी दवाखान्याला अशी शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असा नियम आला. म्हणजे बातमीने काम केलं, यात वादच नाही.

पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी झालं. तीच बातमी वाचून पुण्या-मुंबईतल्या खूप लोकांचं मत असं झालं की या बायका अडाणी आहेत, पैशासाठी स्वतःच्या शरीराचं असं करून घेतात, त्यांच्यात जनजागृती करायला पाहिजे. आणि काही लोक तीच घटना वेगळ्या पेपरात वेगळ्या पद्धतीने वाचून विचारत होते की कारखाना पाणी आणि संडास का देत नाही. घटना एकच आहे, बायकाही त्याच आहेत, पण कोणाला जबाबदार धरायचं ते मांडणीवरून ठरलं. बातमी कारणाचा माग जिथपर्यंत काढते तिथपर्यंतच वाचणारा उपाय मागतो, त्याच्या पुढे तो सहसा जात नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. ज्यांना आरोग्याच्या बातम्या नीट वाचायच्या आहेत, किंवा गावातल्या संस्थेसाठी, ग्रुपसाठी, लोकल पेपरसाठी दोन शब्द लिहायचे आहेत त्यांना उपयोगी पडेल.

आधी बघा की वाक्यात करणारं कोण आहे

कुठलीही बातमी हातात आली की हेडलाइन आणि पहिला परिच्छेद वाचा, आणि त्यातली क्रिया कोणाच्या नावावर टाकलीय ते बघा. "हजारो महिलांनी काढली गर्भाशये" असं लिहिलं की ऑपरेशन जणू बायकांनीच केलं. डॉक्टर गायब, मजुरांची टोळी आणणारा मुकादम गायब, कारखाना तर कुठेच नाही. "हजारो महिलांची गर्भाशये काढली" असं लिहिलं तर निदान प्रश्न तरी पडतो की कोणी काढली? आणि "तपासणी न करता खाजगी दवाखान्यांनी काढली" असं असेल तर वाचणारा डोकं त्या दिशेला नेतो. एका 'नी'चा आणि 'ची'चा फरक, पण वाचणाऱ्याच्या मनात आरोपी बदलतो.

मग पुढचं बघायचं, कारणांची साखळी कुठे तुटते. बीडचंच घेऊ. बाईला अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय. का दुखतंय? कारण फडावर पाणी नाही, संडास नाही, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं, पाळीच्या दिवसांतही पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. सुट्टी का नाही घेत? कारण खाडा लागतो, एका दिवसाला पाचशे रुपये कापल्याचं बायका सांगतात. खाडा का परवडत नाही? कारण हंगामाच्या आधी मुकादमाकडून नवराबायकोने मिळून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, दोघांचा मिळून एक कोयता धरला जातो, एक आजारी पडलं की कोयताच अर्धा होतो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे. डॉक्टरकडे आधी का नाही गेली? कारण जिथे ऊस तोडतात ते गाव आपलं नाही, तिथला दवाखाना ओळखत नाही, सहा महिने दुखणं अंगावर काढलं जातं. मग गावी परतल्यावर दाखवायला जाते तर कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते आणि पिशवी काढून टाक असा सल्ला मिळतो. दोन-तीन मुलं झालेली असतात, लग्न लहानपणीच झालेलं असतं, तिला वाटतं एकदाची कटकट जाईल. पण विशी-तिशीत पिशवी आणि कधीकधी अंडाशयंही काढली की शरीर अकाली म्हातारं व्हायला लागतं, हाडं दुखतात, अंगातून वाफा येतात, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच अंगाने परत कोयता हातात घ्यायचा असतो.

आता ही साखळी समोर ठेवा आणि कुठलीही एक बातमी घेऊन बघा की ती कुठल्या कडीपर्यंत जाते. काही बातम्या "अडाणीपणा" या कडीवर थांबतात. काही "लोभी डॉक्टर" पर्यंत जातात, तिथे दोन दवाखान्यांवर कारवाई झाली की प्रश्न सुटला असं वाटतं. उचल आणि खाड्यापर्यंत जाणाऱ्या कमी. आणि कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत, ही कायद्याची फट दाखवणाऱ्या तर अजूनच कमी. लिहिताना स्वतःला हाच नियम लावा, अजून एकदा "का" विचारून बघा, उत्तर पुराव्यानिशी देता येतंय तोपर्यंत पुढे जा. पुरावा संपला की थांबा, तिथून पुढे अंदाजाने कोणाचं नाव घ्यायचं नाही.

चेहरा दाखवायचा की परिस्थिती?

हा वाद प्रत्येक मीटिंगमध्ये होतो. एक जण म्हणतो एका बाईची गोष्ट सांगा, लोक रडतात, वाचतात. दुसरा म्हणतो आकडे द्या. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

अमेरिकेत शँटो अय्यंगार नावाच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात टीव्हीच्या बातम्यांवर प्रयोग केले, ते १९९१ मध्ये पुस्तकरूपात आले. लोकांना गरिबीवरच्या बातम्या दाखवल्या. काहींना एकेका गरीब माणसाची कहाणी, काहींना बेरोजगारी, अर्थव्यवस्था असं एकूण चित्र. ज्यांनी एकेका माणसाची कहाणी बघितली ते गरिबीसाठी त्या माणसालाच जास्त जबाबदार धरत होते, आणि ज्यांनी एकूण चित्र बघितलं ते समाजाकडे, सरकारकडे बोट दाखवत होते. म्हणजे कळवळा वाटावा म्हणून आपण चेहरा दाखवतो आणि होतं काय की वाचणारा त्या चेहऱ्यातच चूक शोधायला लागतो. हिने का नाही दुसऱ्या डॉक्टरला विचारलं, हिने का एवढ्या लवकर लग्न केलं, असं.

दुसरीकडे नुसते आकडे दिले तर कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, हेही खरंच आहे. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा २००७ चा अभ्यास आहे, एका मुलीचं नाव-गाव सांगून मदत मागितली तर लोक जास्त देतात, आणि तिच्या गोष्टीला आकडेवारी जोडली की देणं कमी होतं. त्यामुळे देणगी गोळा करायची असेल तर एक चेहरा पुरतो. पण आपल्याला देणगी नको आहे, आपल्याला फडावर संडास पाहिजे, खाडा बंद व्हायला पाहिजे. त्यासाठी लोकांनी दया दाखवून भागत नाही, त्यांना परिस्थिती दिसायला पाहिजे.

मी स्वतः काय करते तर गोष्ट एका बाईची घेते पण तिला एकटी उभी करत नाही. तिच्या दिवसातल्या प्रत्येक अडचणीपाशी थांबून ती अडचण कोणी तयार केली ते त्याच परिच्छेदात लिहिते. ती पहाटे तीनला उठून भाकरी थापते हे लिहिलं तर लगेच पुढे की गाडी किती वाजता येते हे कोण ठरवतं. ती ओल्या कापडावर दिवस काढते हे लिहिलं तर लगेच पुढे की फडापासून पाणी किती लांब आणि ते पोचवायची जबाबदारी कोणाची. आकडा एखादाच, पण तिच्यासारख्या किती आहेत हे कळेल असा. तिच्या रडण्याचं वर्णन मी टाळते. रडणं दाखवलं की लोक तिच्याकडे बघत बसतात, आजूबाजूला काय आहे ते बघायचं राहून जातं.

आकड्यांच्या बाबतीत फार सांभाळा

बीडच्या प्रकरणात दोन आकडे फिरतात आणि लोक ते बिनदिक्कत एकमेकांच्या जागी टाकतात. पहिला ४,६०५. हा जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितला, तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत झालेल्या शस्त्रक्रियांचा. त्यात सगळ्या बायका ऊसतोडीच्याच होत्या असं नाही. दुसरा १३,८६१. हा समितीच्या पाहणीतला, ८२,३०९ ऊसतोड बायकांची विचारपूस झाली त्यात इतक्या जणींची पिशवी काढलेली निघाली, मग ती कधीही काढलेली असो. म्हणजे एक आकडा ऑपरेशनचा आणि तीन वर्षांचा, दुसरा बायकांचा आणि आयुष्यभराचा. हे दोन्ही एकाच वाक्यात टाकून "आकडा तिपटीने वाढला" असं कोणी लिहिलं तर ते साफ चूक आहे, आणि अशा एका चुकीवरून विरोधी बाजू सगळी बातमीच खोटी म्हणून उडवून लावते.

१३,८६१ भागिले ८२,३०९ केलं तर साधारण १७ टक्के येतात. हे जास्त आहेत का कमी? नुसत्या १७ वरून कळत नाही, शेजारी दुसरा आकडा पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के जणींची पिशवी काढलेली होती. आता फरक दिसला. पण प्रामाणिकपणे हेही लिहायचं की दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, वयोगट तंतोतंत जुळत असतील असं नाही, म्हणून "बरोब्बर साडेसहा पट" असं छातीठोक न म्हणता "राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी पटीने जास्त" म्हणा. तेवढं पुरेसं आहे, आणि ते कोणी खोडू शकत नाही.

सरासरी हा प्रकार विषमतेच्या बाबतीत सगळ्यात जास्त दगा देतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचा दर, हजारी १६ होता, देशाचा २८. हेडलाइन होते "महाराष्ट्र आघाडीवर", आणि चूक काहीच नाही. पण धडगाव-अक्कलकुव्यातल्या, मेळघाटातल्या, भामरागडच्या आईला त्या १६ चा काय उपयोग? पुण्यातल्या कोथरूडचं आणि नंदुरबारमधल्या पाड्याचं बाळ एकत्र मोजून काढलेला तो आकडा आहे. याच राज्यात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. त्यामुळे सरासरी दिसली की लगेच विचारायचं, जिल्ह्याचा आकडा काय, तालुक्याचा काय, आदिवासी आणि बाकीचे वेगळे केले तर काय.

वेगळं करून बघितल्यावर काय दिसतं याचं मुंबईतलं उदाहरण आहे. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्त तपासून कोरोना किती जणांना होऊन गेला ते बघितलं. झोपडपट्टीत ५७ टक्के, बिल्डिंगमध्ये १६ टक्के. वॉर्ड तेच, मधे एखादा रस्ता. पण ही बातमी दोन प्रकारे आली. एकीकडे "झोपडपट्ट्यांत संसर्ग पसरला", की जणू तिथल्या लोकांनी पसरवला. दुसरीकडे, सार्वजनिक संडास, एका खोलीत आठ माणसं, घरून काम करायची सोय नाही, म्हणून तिथे अंतर पाळणं शक्यच नव्हतं. धारावीचंही तसंच झालं. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडल्यावर कितीतरी दिवस 'हॉटस्पॉट' हाच शब्द, लोकांना धारावीचा पत्ता सांगायची चोरी झाली, आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी कौतुक केल्यावर एकदम 'धारावी मॉडेल'. दोन्ही वेळा तिथली घरं आणि संडास तेवढेच होते, त्याबद्दल लिहिणारे दोन्ही वेळा थोडेच.

नुसता फरक सांगून थांबू नका, उलटं पडतं

हे मला समजायला वेळ लागला पण आता मी सगळ्यांना सांगते. आपल्याला वाटतं की बघा, या लोकांना जास्त त्रास होतो, एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाईट वाटेल आणि तो साथ देईल. तसं होईलच असं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये एक अभ्यास छापून आला, कोरोनाचा फटका काळ्या लोकांना जास्त बसतोय आणि त्याच्या मागे जुनी विषमता आहे असं वाचायला दिल्यावर गोऱ्या लोकांची कोरोनाबद्दलची भीती कमी झाली, ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्याबद्दलची कणव कमी झाली, आणि मास्क वगैरे नियमांना पाठिंबाही कमी झाला. म्हणजे 'हे त्यांचं आहे, आपलं नाही' असं डोक्यात बसलं.

त्याच्या आधी २००९ चा एक अभ्यास, डायबेटिसवर. काहींना लेख दिला की हा आजार वस्तीतल्या परिस्थितीमुळे होतो. डेमोक्रॅट पक्षाच्या लोकांना ते पटलं आणि त्यांचा सरकारी उपायांना पाठिंबा वाढला, रिपब्लिकन लोकांवर तसा परिणाम झाला नाही. एकच मजकूर, वाचणारा आधीपासून काय मानतो त्यावर परिणाम वेगळा. हे अमेरिकेतलं आहे, आपल्याकडे जात, जिल्हा, शहर-खेडं अशा भिंती आहेत, जशाच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही, पण 'ते तर वंजारी-बंजारा लोकांचं आहे', 'ते आदिवासींचं आहे' हे आपण रोज ऐकतोच की.

मग करायचं काय? फरक लपवायचा तर नाहीच. पण तो सांगताना तीन गोष्टी त्याच दमात सांगायच्या: हा फरक कशाने पडला, त्याचा तुमच्याशी काय संबंध, आणि तो कसा बदलता येतो. बीडच्या बाबतीत संबंध शोधायला लांब जावं लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस याच हातांनी तुटतो, ती साखर आपल्या चहात आहे, सणाला केलेल्या पुरणात आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या अमेरिकन वृत्तसंस्थेने याच बायकांवर बातमी केली तेव्हा त्यांनी धागा कोका-कोला आणि पेप्सीच्या पुरवठ्यापर्यंत नेला, आणि त्यामुळेच ती बातमी ज्यांनी बीड कधी नकाशात बघितलं नव्हतं त्यांनाही आपली वाटली. गावातल्या लोकांसाठी लिहिताना कोका-कोला कशाला, ज्या कारखान्याला आपला ऊस जातो त्याच्या वार्षिक सभेत सभासद म्हणून आपणच बसतो, प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे, हे लिहा.

आणि बदल शक्य आहे हे दाखवणं, ते तर फारच राहून जातं. मेळघाटचं कुपोषण दर पावसाळ्यात पेपरात येतं, हायकोर्टात १९९३ पासून याचिका चालू आहेत, फोटो तसलेच असतात, बरगड्या दिसणारं मूल आणि शेजारी आई. इतक्या वर्षांत लोकांचं मत काय झालंय तर 'तिथे असंच असतं'. सारखं दुःख दाखवून दाखवून लोकांना ते हवामानासारखं वाटायला लागतं. त्याच्या शेजारी गडचिरोलीचं ठेवा. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेच्या लोकांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं. ३९ गावांत पहिल्या महिन्यातले बालमृत्यू हजारी ६२ वरून साधारण २५ वर आले, १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि पुढे देशभरातल्या आशाताई नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासतात ती योजना यातूनच उभी राहिली. जंगल तेच, गरिबी तीच, तरी बाळं वाचली. कुपोषणाच्या प्रत्येक बातमीत असा एक परिच्छेद असला तर वाचणारा हात टेकणार नाही, तो विचारेल की मग आमच्याकडे का नाही होत.

कोण बोलतंय ते मोजा

एक साधा व्यायाम सांगते, पेन घेऊन करा. बातमीत कोणाकोणाचं म्हणणं आलंय त्याखाली रेघ मारा. बहुतेक वेळा मंत्री, अधिकारी, डॉक्टर, तज्ज्ञ यांना दोन-दोन परिच्छेद, आणि जिच्यावर ऑपरेशन झालं तिला एक वाक्य, तेही 'खूप त्रास होतो' एवढंच. उपाय काय पाहिजे हे तिला कोणी विचारतच नाही. पण विचारून बघा, ती अगदी नेमकं सांगते, पाण्याचा टँकर, पाळीच्या दोन दिवसांचा खाडा माफ, पोरांना ठेवायला जागा, सोनोग्राफी तालुक्याला. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, यांनी ऊसतोड बायकांशी बोलून जे काम केलंय त्यात हेच वर येतं. बोलायचं तर आपल्या भाषेतच बोलू द्या, बंजारा बाई गोरमाटीत बोलली तर तिच्याच माणसाकडून समजून घ्या, मेळघाटात कोरकू, धडगावला पावरी. मुकादम शेजारी उभा असताना विचारू नका, तो असताना ती खाड्याबद्दल बोलणार नाही.

नाव आणि फोटो. पिशवी काढलेली बाई म्हणून पेपरात फोटो आला की गावात, सासरी, मुलीच्या सोयरिकीत त्याचं काय होईल ते तिला आधी नीट सांगा, एकदा हो म्हणाली तरी छापायच्या आदल्या दिवशी परत विचारा. शंका असेल तर नाव बदला, हातांचा, कोयत्याचा, कोपीचा फोटो चालतो. आणि गावाचं नाव घेऊन 'गर्भाशय नसलेलं गाव' असलं काही लिहू नका. त्या गावातल्या प्रत्येक मुलीला ते चिकटतं.

आता प्रत्यक्ष एक मेसेज करून बघू

समजा ग्रुपवर हे आलं (नमुना म्हणून मीच लिहिलंय, पण असलेच येतात): "धक्कादायक! बीडमधील हजारो महिलांनी काढली गर्भाशये! अज्ञान व गरिबीचा बळी. महिलांनी जागृत होण्याची गरज. जास्तीत जास्त शेअर करा."

हा फिरतो खूप, पण यातून काय मागायचं ते कोणालाच कळत नाही. मी तो असा करेन:

"आपल्या तालुक्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना फडावर संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीत घरी थांबलं तर खाडा लागतो. दुखणं सहा महिने अंगावर निघतं आणि परतल्यावर पुरत्या तपासण्या न करता पिशवी काढायचा सल्ला मिळतो. सरकारच्याच समितीने ८२,३०९ बायकांची पाहणी केली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हे थांबवता येतं. जायच्या आधी प्रत्येकीची सरकारी दवाखान्यात तपासणी व्हावी आणि फडावर पाणी-संडासाची सोय कारखान्याने करावी, हा विषय येत्या ग्रामसभेत घेऊया. घरात कोणाला डॉक्टरने पिशवी काढायला सांगितली असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या."

बघा काय बदललं. 'धक्कादायक' काढलं, ज्यांच्या घरात हे रोजचं आहे त्यांना त्यात धक्का काही नाही, त्यांना तो शब्द परका वाटतो. सुरुवात 'आपल्या तालुक्यातून' अशी, बीडच्या बाहेर असाल तर तुमच्या भागातला खरा संबंध टाका, नसेल तर खोटा टाकू नका. आकडा एकच, आणि तो कोणी मोजला ते सोबत. मागणी दोनच, त्याही कोणाकडे ते स्पष्ट. आणि शेवटचं वाक्य त्या बाईसाठी, कारण मेसेज तिच्याही फोनवर जाणार आहे, तिला नुसतं तिच्याच दुःखाचं वर्णन वाचायला मिळालं तर काय उपयोग. लिहून झाल्यावर तो आशाताईला मोठ्याने वाचून दाखवा, जिथे ती अडखळेल तिथे वाक्य तोडा. वाचता न येणाऱ्यांसाठी तोच मजकूर मिनिटभराच्या ऑडिओत, ओळखीच्या आवाजात, पाठवा.

वेळ कधीची धरायची, आणि छापून आल्यावर पुढे

बातम्या येतात मृत्यू झाल्यावर, घोटाळा उघडल्यावर, अधिवेशनात. उपयोगाच्या वेळा वेगळ्या आहेत. ऊसतोडीसाठी सप्टेंबर धरा, टोळ्या निघायच्या आधी, तेव्हा तपासणीची मागणी करता येते. मग एप्रिल-मे, बायका परततात आणि दवाखान्यात जातात तो काळ. मेळघाट, नंदुरबारसाठी मार्च-एप्रिल, कारण जूननंतर रस्ते बंद झाल्यावर डॉक्टर पाठवा म्हणून काही होत नाही, औषधं आणि माणसं आधीच पोचलेली लागतात.

आणि एकदा छापून आलं की फाइल बंद करू नका. पाठपुराव्याची बातमी पहिल्या बातमीपेक्षा अवघड आणि कमी वाचली जाणारी असते, तरी तीच लागते. माहिती अधिकारात अर्ज टाका, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील. प्रश्न नेमके विचारा: मागच्या वर्षात पिशवी काढायच्या परवानगीसाठी किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, बायकांची वयं काय, पस्तिशीच्या आतल्या किती, कारण काय लिहिलं होतं, हंगामाआधी किती ऊसतोड बायकांची तपासणी झाली आणि कुठल्या तालुक्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या. उत्तर हातात आलं की आधी ते कागद घेऊन पहिल्या बातमीत बोललेल्या बायकांकडे जा, आकडे त्यांना वाचून दाखवा, त्यांच्या गावात खरंच तपासणी झाली का ते विचारा, आणि जिथे कागद आणि त्यांचं सांगणं जुळत नाही तिथूनच पुढची बातमी सुरू करा.